मुंबईच्या छोट्या घरात बाहुलीघराच्या मापाच्या लघुप्रतिकृती करायला सुरुवात कशी करावी?

सर्वप्रथम प्रमाण ठरवावे. या छंदात १:१२ हे प्रमाण सर्वाधिक रूढ आहे, म्हणजे खऱ्या एका फुटाला प्रतिकृतीत एक इंच. त्या हिशेबाने गिरगावातल्या चाळीची १० बाय १२ फुटांची खोली १० बाय १२ इंचांत बसते, आणि तेवढीही जागा नसेल (मुंबईत ती नसतेच) तर १:२४ घ्यावे. इंग्लंडमधल्या विंडसर किल्ल्यातले, १९२४ साली पूर्ण झालेले राणी मेरीचे बाहुलीघर १:१२ मध्येच आहे.

भिंतींसाठी पुठ्ठ्याऐवजी फोमबोर्ड (दोन कागदांच्या मध्ये फोमचा थर असलेला ताठ बोर्ड) वापरावा, कारण फेव्हिकॉलमधील पाणी आणि पावसाळ्यातला दमटपणा यांनी पुठ्ठा हमखास वाकतो. माझ्या पहिल्या खोलीची मागची भिंत जुलैतच पोट काढून बसली होती. फर्निचरला बाल्सा लाकूड उत्तम, ते साध्या कटरनेही कापता येते.

खरी कसोटी कापडाची असते. जाड कापड या मापात खाली पडत नाही, फुगून उभे राहते. म्हणून जुन्या मलमलीचा तुकडा पाणी घातलेल्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून, थर्माकोलवर टाचण्यांनी एकेक चुणी बसवून रात्रभर वाळवावा. बहुतेक साहित्य क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात मिळते.