‘रोल प्लेयर’ हा बोर्ड गेम घेण्यासारखा आहे का? इतके फासे म्हणजे सगळं नशिबावरच ना? आणि नुसतं पात्र तयार करून पुढे साहसच नसेल, तर मजा कुठे?

तुमच्या प्रश्नात दोन शंका आहेत. एक, फाशांचा खेळ म्हणजे नशीब. दुसरी, फक्त पात्र तयार करायचं आणि पुढे साहस नाहीच, तर मजा कुठे? पहिली शंका मला पटत नाही. दुसरी बऱ्याच अंशी पटते. तरी माझं मत ‘घ्या’ असंच आहे, आणि त्याचं कारण पहिल्या शंकेच्या उत्तरातच आहे.

थोडक्यात खेळ असा. थंडरवर्क्स गेम्सचा हा खेळ 2016 साली आला. प्रत्येकापुढे एका पात्राचा, म्हणजे आपण घडवायच्या वीराचा, पट असतो. त्यावर स्ट्रेंग्थ, डेक्स्टेरिटी, कॉन्स्टिट्यूशन, इंटेलिजन्स, विस्डम आणि करिष्मा अशा सहा क्षमतांच्या ओळी आणि प्रत्येक ओळीत तीन घरं, म्हणजे एकूण अठरा. सुरुवातीला सहा फासे टाकून मांडायचे आणि उरलेली बारा घरं बारा फेऱ्यांत भरायची. दर फेरीत खेळाडूंपेक्षा एक जास्त फासा पिशवीतून काढून टाकतात आणि लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडतात. प्रत्येकजण एक उचलतो, आपल्या पटावर ठेवतो आणि ज्या ओळीत ठेवला त्या ओळीची कृती करतो. मग बाजारातून एक कार्ड विकत घ्यायचं, किंवा एक कार्ड टाकून दोन नाणी घ्यायची. शेवटी गुण मोजायचे. ज्याचा वीर सगळ्यात जास्त गुणांचा, तो जिंकला.

आता नशिबाचं बघू. क्लासच्या (पात्राच्या पेशाच्या) कार्डावर प्रत्येक ओळीचं लक्ष्य छापलेलं असतं: कुठे ‘15 किंवा जास्त’, कुठे ‘16-17’, कुठे नेमका एकच आकडा. तीन फाशांची सरासरी बेरीज 10.5 असते. पंधरा किंवा त्याहून जास्त येण्याच्या शक्यता 216 पैकी फक्त 20, आणि 18 ची तर एकच. म्हणजे नुसते फासे मांडत गेलात तर एखाद-दुसरं लक्ष्य गाठाल, सहाही नाही. खेळाची रचनाच अशी आहे की आलेले फासे पुरे पडू नयेत. फरक भरून काढायचा तो कृतींनी, आणि त्या जास्तीत जास्त बारा मिळतात. कोणती कृती कुठे खर्च करायची, हाच खरा खेळ.

स्ट्रेंग्थ कोणताही एक फासा उलटा करते: 1 चा 6, 2 चा 5, 3 चा 4. कॉन्स्टिट्यूशन एखादा फासा एकाने वर किंवा खाली सरकवते. इंटेलिजन्स फासा पुन्हा टाकू देते, आणि नवा आकडा नको असेल तर जुना ठेवता येतो. डेक्स्टेरिटी दोन फाशांची अदलाबदल करते. विस्डमने अलाइनमेंटच्या (पात्राच्या नीती-स्वभावाच्या) तीन बाय तीनच्या चौकोनात आपली खूण एक घर सरकते. करिष्माने बाजारात एका नाण्याची सूट मिळते.

गणित मांडून बघा. हाती 1 असेल तर उलटा करून खात्रीने 6. तोच पुन्हा टाकला तर सरासरी हाती येतात 3.5. फासा 2 असेल तरी उलटवणंच बरं: खात्रीचे 5, पुन्हा टाकलात तर सरासरी 3.67. 3 असेल तर तिन्ही वाटांनी (उलटवा, एकाने सरकवा किंवा पुन्हा टाका) सरासरी 4 च येते, तेव्हा तिथे जी कृती फुकट जात असेल ती वापरा. मात्र 5 किंवा 6 च हवा असेल तर इंटेलिजन्स, कारण बाकीच्या दोन वाटा 4 च्या पुढे जातच नाहीत. हाती 4 किंवा 5 असेल तर कॉन्स्टिट्यूशन. 4 उलटा केला तर 3 होतो. हे एकदा डोक्यात बसलं की कळतं, लहान फासा वाईट नसतो. उलट ज्याने सर्वात लहान फासा घेतला तो बाजारात सर्वात आधी जातो. म्हणजे 1 उचला, स्ट्रेंग्थच्या ओळीत ठेवा, तोच उलटा करून 6 करा आणि बाजारातलं उत्तम कार्डही पहिल्यांदा तुम्हीच घ्या. समोरचे 6 साठी भांडत असताना हे करता येतं, आणि या खेळातली सर्वात गोड चाल मला तीच वाटते.

नवखे खेळाडू इथेच चुकतात: सुरुवातीच्या सहा फाशांना कृती मिळत नाही. ते जिथे मांडाल तिथली कृती कायमची गेली. स्ट्रेंग्थमध्ये पहिल्याच क्षणी दोन मोठे फासे बसवले तर ओळ छान दिसते, पण पुढच्या सगळ्या डावात उलटवण्याची संधी एकदाच उरते. म्हणून सुरुवातीचे फासे अशा ओळींत घाला, ज्यांच्या कृतीची तुम्हाला कमी गरज आहे. अलाइनमेंटचं कार्ड सोपं असेल तर विस्डम, आणि पैशाची फार ओढ नसेल तर करिष्मा. शेवटाचाही असाच हिशेब आहे. शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांत नको तो फासा हमखास गळ्यात पडतो, आणि तो सुधारायला तेव्हा डेक्स्टेरिटी किंवा कॉन्स्टिट्यूशनचं एक घर मोकळं हवं. शेवटचं रिकामं घर विस्डमचं आणि खूण आधीच योग्य जागी, म्हणजे एक कृती वाया.

रंग हा दुसरा थर. क्लासच्या रंगाच्या प्रत्येक फाशाला गुण असतो, आणि बॅकस्टोरीच्या (पात्राच्या पूर्वकथेच्या) कार्डावर ठरावीक घरांत ठरावीक रंग मागितलेले असतात. ओळ डावीकडून उजवीकडेच भरायची असल्याने तिसऱ्या घरातला हिरवा फासा हवा असेल तर आधीची दोन घरं भरेपर्यंत थांबावं लागतं, किंवा डेक्स्टेरिटी राखून ठेवावी लागते. इथेच जीव कासावीस होतो: आकडा हवा तसा, रंग चुकीचा. सोनेरी फासा पटावर ठेवला की एक नाणं मिळतं, पण रंगाच्या हिशेबात तो बसत नाही. सुरुवातीच्या फेऱ्यांत तो खुशाल घ्या, शेवटी जपून.

बाजाराबद्दल थोडंच सांगतो. चिलखताचे तुकडे एका संचाचे जमवले तर भरघोस गुण, पण दोघांनी एकच संच धरला तर दोघेही अर्धवट राहतात. दुसऱ्याच्या पटाकडे बघायची खरी गरज इथेच पडते. शस्त्रांना हात दोनच, म्हणून दोन हातांचं शस्त्र घेण्याआधी विचार करा. स्किलची कार्डं वापरली की अलाइनमेंटची खूण सरकते, तेव्हा तुमच्या कार्डाच्या दिशेने सरकवणारं स्किल मिळालं तर विस्डमची कृती वाचते. काहीच जमत नसेल तर कार्ड टाकून दोन नाणी घ्या. शक्यतो दुसऱ्याला हवं असलेलंच टाका.

नियमांतली एक चूक फार ठिकाणी होते: पात्राच्या वंशाची अधिक-उणे खूण पटावर छापलेली असते आणि शेवटी मोजताना विसरली जाते. एखाद्या ओळीला उणे 2 असेल आणि लक्ष्य 14 असेल, तर फासे 16 चे हवेत. उलट अधिकवाल्या ओळीत ‘16-17’ असलं लक्ष्य ओलांडलं जाऊ शकतं, आणि ओलांडलेलं लक्ष्य म्हणजे चुकलेलंच. पहिल्या फेरीआधीच प्रत्येक ओळीला फाशांची किती बेरीज लागणार, ते मनात ठरवून टाका.

तुमच्या दुसऱ्या शंकेत तथ्य आहे. बारावी फेरी संपते तेव्हा वीर सज्ज असतो, हातात तलवार, अंगात चिलखत, आणि खेळ संपतो. कुठलाही राक्षस समोर येत नाही. ज्यांना कथा हवी त्यांना हे खुपणारच, आणि ते खुपणं योग्य आहे. ‘मॉन्स्टर्स अँड मिनियन्स’ हा विस्तार नेमकं हेच दुरुस्त करतो. बाजाराऐवजी एखाद्या फेरीत छोट्या शत्रूंशी लढता येतं, मुख्य राक्षसाची माहिती जमवता येते आणि अखेरीस सगळे आपापल्या तयारीनिशी त्याला भिडतात. पाचवा खेळाडूही त्यानेच येतो. तरी तो पहिल्या दिवशी उघडू नका. मूळ खेळातल्या सहा कृती सवयीच्या झाल्या नसतील, तर दर फेरीला आणखी एक पर्याय म्हणजे नुसता गोंधळ.

खेळाडूंची संख्या हाही मुद्दा आहे. माझ्या मते तिघांत तो सर्वात छान चालतो. चौघांत विचार करणारे दोघं असतील तर वाट बघणं फार होतं. दोघांत वेग चांगला, पण दर फेरीत तीनच फासे आणि तीनच कार्डं येतात, त्यामुळे हवा तो रंग किंवा हवा तो चिलखताचा तुकडा दिसेलच असं नाही. एकट्याने खेळायचे नियमही आहेत, आणि फाशांचं कोडं एकट्याने सोडवायला खरंच गोडी आहे. एक सूचना: भरपूर उजेडात बसा. निळे, जांभळे आणि काळे फासे मंद दिव्यात सहज गोंधळात टाकतात, आणि बॅकस्टोरीचे गुण रंगावरच आहेत.

एकमेकांवर कुरघोडी, फसवाफसवी, वाटाघाटी आवडणारा गट असेल तर घेऊ नका, कारण इथे प्रत्येकाची मान आपल्याच पटात खाली असते. फाशांची मांडणी हवी पण नियम कमी हवेत, तर ‘सग्रादा’ बघा: वीस घरं, रंग आणि आकड्यांच्या मोजक्या अटी, बाजार नाही. पण आलेल्या वाईट फाशातून चांगलं काढायची ओढ असेल तर ‘रोल प्लेयर’च घ्या. पहिल्या डावात प्रत्येकाला क्लासच्या कार्डाची एकच बाजू द्या आणि सहा कृतींची यादी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून मध्ये ठेवा. तेवढ्याने दर वेळी नियमपुस्तक उघडायची वेळ येत नाही.