किती वाजता उठू, डॉक्टर?

या महिन्यात आलेल्या पत्रांतल्या निम्म्याहून अधिक लोकांचं मागणं एकच आहे: "आदर्श दिनचर्या लिहून द्या." अशी चिठ्ठी माझ्याकडे नाही. माझ्या दवाखान्याच्या बाकावर पहाटे पेपर टाकणारा मुलगा, रात्रपाळी करून खराडीहून परतलेली इंजिनिअर आणि नातवाला स्कूलबसपर्यंत सोडून आलेले आजोबा शेजारी-शेजारी बसतात. तिघांना एकच वेळापत्रक दिलं तर निदान दोघांचं तरी नुकसान होणार. म्हणून एकेक प्रश्न घेते.

प्रश्न : वय ३४, बँकेत नोकरी. ब्रह्ममुहूर्त साधायचा म्हणून महिनाभर पहाटे चारला उठतोय. दिवसभर डोळे चुरचुरतात. सवय व्हायला अजून किती दिवस लागतील? (वारजे)

उत्तर : लागणारच नाही अशी सवय. ब्रह्ममुहूर्त घड्याळातल्या चाराला बांधलेला नाही. तो सूर्योदयाच्या ९६ मिनिटं आधी लागतो आणि ४८ मिनिटांत संपतो. पुण्यात जानेवारीत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, म्हणजे तेव्हा मुहूर्त साडेपाचच्या सुमारास. जूनच्या सुरुवातीला साडेचारच्या आत. शिवाय आयुर्वेदाचार्य वाग्भटानं त्या वेळी उठायला सांगितलंय ते 'स्वस्थ' माणसाला. हा शब्द सगळे सोयीस्कर गाळतात. तुम्ही रात्री झोपता किती वाजता हे पत्रात लिहिलेलंच नाही, त्यातच काय ते कळलं.

प्रौढ माणसाला रात्री किमान सात तास झोप लागते. तुमच्या नोकरीला झेपेल अशी उठायची वेळ ठरवा, तिथून सात-साडेसात तास उलटे मोजा आणि तेवढ्या वाजता दिवा बंद करा. उठायची वेळ रविवारीही तीच. उठल्यावर पंधरा-वीस मिनिटं गच्चीत, गॅलरीत, कुठेही उघड्यावरच्या उजेडात काढा. मेंदूतल्या घड्याळाला चावी मिळते ती या उजेडानं. हे घड्याळ पेशीच्या आत कसं चालतं ते उलगडणाऱ्या तिघांना २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. पहाटेच्या अलार्मला ते अजून कुणी दिलेलं नाही. सात तास झोपूनही थकवा राहिला तर पहाटे उठण्याचे व्हिडिओ बघत बसू नका, तुमच्या डॉक्टरांना भेटा.

प्रश्न : सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध घेतलं की चरबी वितळते ना?

उत्तर : नाही. आवडत असेल तर प्या. मधुमेह असेल तर मध नको.

प्रश्न : थायरॉइडची गोळी सकाळच्या चहाबरोबर घेते. चालेल?

उत्तर : चालणार नाही. उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर ती चार तास लांब ठेवा. आतापर्यंतचा डोस चहाबरोबरच्या गोळीवर ठरलेला असणार, तेव्हा हा बदल डॉक्टरांना सांगून करा आणि टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्तचाचणी, कधी तपासायचं तेही त्यांनाच विचारा.

प्रश्न : एकवीस दिवसांत कुठलीही सवय लागते म्हणतात. एका ॲपवर एकवीस दिवसांचं चॅलेंज आहे, फी ४,९९९ रुपये. भरू का? (बिबवेवाडी)

उत्तर : भरू नका. हा आकडा आला कुठून ते ऐका. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जननं १९६० मध्ये लिहिलं होतं की शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला पेशंटना किमान एकवीस दिवस लागतात. त्यातलं 'किमान' गळालं, चेहराही गळाला आणि उरलेल्या आकड्यावर दुकानं उभी राहिली. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांवर प्रत्यक्ष मोजलं. कुणाला १८ दिवसांत सवय लागली, तर कुणाचा हिशेब २५४ पर्यंत गेला. मधला आकडा ६६. एखादा दिवस चुकल्यानं काही बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. हे मात्र तुम्हाला चॅलेंजवाले सांगणार नाहीत, कारण त्यांचा धंदा 'साखळी तुटली, पुन्हा पहिल्यापासून' यावरच चालतो.

नवी गोष्ट जुन्या खुंटीला टांगा. कुकर लावला की शिट्ट्या होईपर्यंत मानेचे व्यायाम. दात घासले की बीपीची गोळी. एका वेळी एकच. फुकट आहे.

प्रश्न : एमपीएससीचा अभ्यास करतो. अभ्यासिकेत रात्री तीनपर्यंत बसतो, सातला उठतो. टॉपर चारच तास झोपतात असं ऐकलं. (सदाशिव पेठ)

उत्तर : ऐकलंत, मोजलं कुणी? दिवसा वाचलेलं डोक्यात पक्कं बसायचं काम बरंचसं झोपेतच होतं. ती कापलीत तर तेच पान तीनदा वाचावं लागतं आणि मग रात्र पुरत नाही. परीक्षा दिवसा असते, पहाटे दोनला नाही. तेव्हा परीक्षेच्या निदान दोन आठवडे आधी झोप रात्रीकडे आणा, दर दोन-तीन दिवसांनी अर्धा तास मागे, असं करत. रात्री अकराला घेतलेल्या अमृततुल्य चहातलं निम्मं कॅफिन पहाटे चारच्या सुमारासही अंगात असतं. आणि पत्राच्या शेवटी "कशातच मन लागत नाही" असं एक वाक्य बारीक अक्षरात लिहिलं आहेत, ते मी वाचलं. ते वेळापत्रकानं सुटणार नाही. या आठवड्यात डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा, आणि घरी फोन करा.

प्रश्न : अमेरिकेच्या वेळेनुसार काम. कॅबनं घरी पोचायला पहाटेचे साडेचार. सहकारी मेलाटोनिनच्या गमीज (चघळायच्या गोळ्या) घेतात, मीही घेऊ का? (हिंजवडी)

उत्तर : मेलाटोनिन म्हणजे अंधार पडल्याची वर्दी देणारं संप्रेरक. ते चुकीच्या वेळी घेतलं तर घड्याळ उलट्या बाजूला सरकतं. गमीजबद्दल सांगायचं तर अमेरिकेत २०२३ मध्ये अशा २५ प्रकारच्या गमीज तपासल्या, त्यातल्या २२ मध्ये लेबलवर एक आणि आत दुसरंच निघालं. कुठे लेबलच्या तिपटीहून जास्त, तर एकीत मेलाटोनिनच नाही. घ्यायचंच असेल तर किती आणि कधी हे डॉक्टरांनी ठरवायचं.

तुमच्या हातात आहे ते आधी करा. घरी पोचल्यावर मोबाइल नको. खोलीला जाड पडदा. घरच्यांना आणि कुरिअरवाल्याला तुमची 'रात्र' कोणती ते सांगून ठेवा. सुट्टीच्या दिवशीही झोपेचे निदान चार तास नेहमीच्याच वेळात येऊ द्या. मुख्य जेवण कामावर जाण्याआधी करा, पहाटे दोनला बिर्याणी नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' गटात ठेवलंय. घाबरू नका, लाल मांसही त्याच गटात आहे. पण वर्षातून एकदा साखर, बीपी, वजन बघायला हे कारण पुरेसं आहे.

प्रश्न : पाचला उठून तीन डबे, मग शाळा, ऑफिस, सासूबाईंची औषधं. झोपायला साडेअकरा. सूर्यनमस्कारांसाठी साडेचारला उठावं म्हणते. (धायरी)

उत्तर : अजिबात नको. तुमच्या दिवसात जागा नाही ती तुमच्या आळसामुळे नव्हे. सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांची रोज सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात, पुरुषांची ८८. दिनचर्या बदलायची आहे ती घराची. एक डबा ज्याचा त्यानं भरावा. सासूबाईंच्या गोळ्या रविवारी कुणीतरी आठवड्याच्या डबीत लावून ठेवाव्यात. वाचलेला अर्धा तास आधी झोपेला, मग सूर्यनमस्कारांना. चढ चढताना धाप लागते असंही लिहिलंय तुम्ही. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या, या महिन्यात.

प्रश्न : नवरा ४६ वर्षांचा. सकाळी टेकडीवर चला म्हटलं तर उठतच नाही. आठ तास झोपून डोकं जड, ऑफिसात डुलक्या. घोरणं तर शेजाऱ्यांना ऐकू जातं, मधेच आवाज बंद होतो आणि दचकून पुन्हा सुरू. बीपीच्या दोन गोळ्या आहेत. सगळे आळशी म्हणतात. शिस्त कशी लावू? (औंध)

उत्तर : शिस्त राहू द्या. तपासणी करा.

तुम्ही जे वर्णन केलंय ते ऐकून मला झोपेतल्या श्वासरोधाची, म्हणजे स्लीप ॲप्नियाची, दाट शंका येते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट मिटते, रक्तातला प्राणवायू उतरतो आणि मेंदू त्यांना क्षणभर जागं करून श्वास घ्यायला लावतो. सकाळी त्यांना यातलं काही आठवत नाही. दहा सेकंद किंवा जास्त श्वास अडला की एक वेळ धरतात. तासाला अशा पाच वेळा आणि सोबत दिवसा झोप येत असेल तर तो आजार, तीस किंवा त्याहून जास्त झाल्या तर तीव्र. तासाला तीस म्हणजे दर दोन मिनिटांनी कुणीतरी हलवून उठवणं. तसा माणूस आठ तास अंथरुणात असतो, झोपलेला नसतो. त्याला पहाटे पाचला टेकडीवर ओढणं म्हणजे उरलीसुरली झोपही काढून घेणं. बीपी दोन गोळ्यांवर गेलंय, त्यामागेही हेच असू शकतं.

पत्रात पुढे "तीन वर्षं म्हणतोय, दिवाळीनंतर बघू" असं आहे. कुठली दिवाळी? माझे वडील असेच घोरायचे. आम्ही भावंडं त्यांची नक्कल करायचो. एकसष्टाव्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. घोरण्याबद्दल तोवर त्यांना कुणीही विचारलेलं नव्हतं, वैद्यकीयच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मीसुद्धा नाही. झटका त्यामुळेच आला असं मी म्हणू शकत नाही. विचारलं नाही, एवढं मात्र खरं.

एपवर्थ नावाची आठ प्रश्नांची साधी यादी असते: वाचताना, टीव्ही बघताना, सिग्नलला गाडी थांबल्यावर डुलकी लागण्याची शक्यता किती, असे प्रश्न. चोवीसपैकी दहाच्या वर गुण गेले की दाखवायला हवं. पुढची तपासणी म्हणजे स्लीप स्टडी, म्हणजे रात्री झोपेतला श्वास आणि प्राणवायू मोजणं. काही वेळा ती घरीही होते. निदान झालं तर वजन, रात्रीची दारू आणि गरज असेल तर हवेच्या दाबानं श्वासाची वाट उघडी ठेवणारं सीपॅप मशीन, हे डॉक्टर ठरवतील. नाकाच्या पट्ट्या, हनुवटीचे पट्टे, घोरणं थांबवणाऱ्या अंगठ्या यांवर पैसे घालवू नका. आवाज कमी झाला तरी श्वास अडायचा राहतो असं नाही. स्वतःच्या मनानं झोपेची गोळी तर नकोच, तिनं धोका वाढू शकतो. बारीक अंगाच्या माणसांनाही हा आजार होतो आणि पाळी गेलेल्या बायकांनाही, त्या मात्र घोरणं कबूल करत नाहीत.

ते दर शुक्रवारी स्वतः गाडी चालवत मुंबईला जातात असं तुम्ही ओघात लिहिलंय. तपासणी होईपर्यंत किल्ली तुमच्याकडे ठेवा. एक्स्प्रेसवेवर काच खाली करून आणि गाणी मोठ्यानं लावून झोप जात नाही. ट्रेन आहे, बस आहे.

प्रश्न : वय ६८, निवृत्त. रात्री नऊला झोपतो, तीनला टक्क जाग. काही औषध? (कर्वेनगर)

उत्तर : नऊ ते तीन सहा तास झाले. दुपारी जेवून किती वेळ झोपता ते लिहिलं नाहीत. दुकानांसारखे एक ते चार बंद राहत असाल तर हिशेब पूर्ण आहे. दुपारी वीस मिनिटं, तीनच्या आत, गजर लावून. रात्री साडेदहाला झोपा आणि संध्याकाळी उजेड असताना फिरून या. लघवीसाठी जाग येत असेल तर प्रोस्टेट आणि साखर बघावी लागेल. बीपीची लघवी वाढवणारी गोळी रात्री घेत असाल तर वेळ बदलावी का, हे लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा, स्वतः बदलू नका. आणि घोरत असाल तर वरचं उत्तर पुन्हा वाचा.