नोकरी बदलताना टेन-सी भरायची घाई करू नको

तीन वर्षं चाकणला कॉन्ट्रॅक्टरच्या रोलवर, ग्रॉस १९,५००, त्यात बेसिक-डीए (मूळ पगार आणि महागाई भत्ता) १४,०००, आता दुसरीकडे लागतोयस तर पीएफ आणि (टेन-सी फॉर्म भरून) पेन्शन दोन्ही काढून घेऊ का, आणि ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) फुकट कापतात का, असं विचारलंयस. उत्तर लांबणार आहे, कारण यातली मोठी चूक मी स्वतः दोनदा करून बसलोय.

आधी पगाराची स्लिप बघ. पीएफ १२ टक्के म्हणजे १,६८० तुझे गेले. तेवढेच कंपनी भरते, पण ते सगळे पीएफमध्ये येत नाहीत, त्यातले ८.३३ टक्के म्हणजे १,१६६ पेन्शनला जातात आणि फक्त ५१४ तुझ्या पीएफला येतात. ईएसआय पाऊण टक्का, तुझे १४७ रुपये, कंपनीचे सव्वातीन टक्के म्हणजे ६३४. ते २०० पीटीचे (प्रोफेशन टॅक्सचे) यात धरू नको, तो राज्याचा टॅक्स आहे, १९७५ साली रोजगार हमीच्या खर्चासाठी लावला होता, त्यातनं तुला परत काही मिळत नाही.

आता मुद्द्याचं. पासबुकात पेन्शनचा वेगळा कॉलम दिसतो ना, तिथं सगळे फसतात. ते पैसे तुझ्या नावावर साठत नाहीत, त्याला व्याज नाही, ते सगळ्यांच्या एकत्र फंडात जातात आणि तुझ्या नावावर फक्त नोकरीची वर्षं जमा होतात. म्हणून तर ट्रान्सफर केल्यावर नवीन पासबुकात पेन्शनच्या खाली शून्य दिसतं आणि पोरं घाबरून फोन करतात की पैसे खाल्ले. कुणी खाल्ले नाहीत, वर्षं पुढं आलीत का तेवढं सर्व्हिस हिस्ट्रीत बघायचं.

पेन्शनचा हिशोब सरळ आहे, शेवटच्या ६० महिन्यांच्या पगाराची सरासरी (धरतात जास्तीत जास्त १५,०००) गुणिले वर्षं, भागिले ७०. किमान दहा वर्षं लागतात (साडेनऊ झाली तरी दहा धरतात), पूर्ण पेन्शन ५८ ला, ५० नंतर लवकर घेतलीस तर दर वर्षाला ४ टक्के कमी. २० वर्षं भरली की वर दोन वर्षं बोनस.

माझं सांगतो. २००९ ला पहिली कंपनी सोडली तेव्हा चार वर्षं झालेली, अकाउंटवाला म्हणाला टेन-सी भरून टाक, पैसे येतील. वीसेक हजार आले, सेकंडहँड स्प्लेंडर घेतली. २०१४ ला दुसरी सोडली, पाच वर्षांचे परत काढले, चौतीस हजारांच्या आसपास, ते तर कुठं गेले ते आठवतही नाही. एकूण नऊ वर्षं पुसली. आज १५,००० च्या हिशोबानं ती नऊ वर्षं म्हणजे १५,००० गुणिले ९ भागिले ७०, महिना १,९२८ रुपये, मरेपर्यंत, आणि माझ्यामागं त्यातली अर्धी बायकोला. स्प्लेंडर कधीच भंगारात गेली.

तुला तीन वर्षांचे साधारण तीन पगार मिळतील, चाळीस-बेचाळीस हजार. मोह होणारच, त्यात पुढं लग्न आहे म्हणतोस. पण टेन-सी भरू नकोस, त्याच यूएएनवर (तुझा कायमचा पीएफ नंबर) नवीन कंपनीत जा आणि फॉर्म १३ नं ऑनलाइन ट्रान्सफर मार. पीएफसुद्धा पाच वर्षांच्या आत ५० हजार किंवा जास्त काढलास तर टीडीएस कापतात, आणि ट्रान्सफर केलंस तर जुन्या कंपनीची वर्षं त्या पाचात धरली जातात. फारच अडलं तर पीएफचा ॲडव्हान्स बघ, पेन्शनला हात लावू नको.

एक गोष्ट स्लिपवर दिसतच नाही, ईडीएलआय, म्हणजे पीएफला जोडलेला आयुर्विमा. कंपनी अर्धा टक्का वेगळा भरते, तुझ्याकडनं छदाम घेत नाहीत. नोकरीत असताना माणूस गेला तर घरच्यांना पगाराच्या ३५ पट आणि वर पीएफ शिलकेच्या सरासरीचा काही भाग, सगळं मिळून कमाल सात लाख. तुझ्या १४,००० वर नुसते ३५ पटच ४ लाख ९० हजार होतात. आमच्या लाईनवरचा एक जण गेला तेव्हा वहिनींना हे माहीतच नव्हतं, आम्हीच फॉर्म भरून दिले. शिवाय विधवा पेन्शन वेगळी, त्याला दहा वर्षांची अट नाही, एक महिना भरलेला असला तरी चालतं.

ईएसआयला लोक शिव्या घालतात, दवाखान्यात रांग असते हे खरंच आहे. पण तू प्रेसवर काम करतोस. बोट गेलं तर बरा होईपर्यंत पगाराच्या ९० टक्के, आणि कायमचं अपंगत्व आलं तर मेडिकल बोर्ड जेवढं ठरवेल त्या प्रमाणात दरमहा आयुष्यभर. यात किती दिवस भरलंय हे बघत नाहीत, कामावर जाता-येता झालेला अपघातही धरतात. फक्त ॲक्सिडेंट रिपोर्ट कंपनीनं टाकला का ते मागं लागून बघ, कॉन्ट्रॅक्टर "घरी पडला असं सांग, खर्च मी करतो" म्हणाला तर अजिबात ऐकायचं नाही. साध्या आजारपणात ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत, पण त्याला सहा महिन्यांच्या पिरियडमध्ये ७८ दिवस भरलेले लागतात. आणि नव्या ठिकाणी पगार मध्येच २१,००० च्या वर गेला तरी तो पिरियड संपेपर्यंत, म्हणजे सप्टेंबर किंवा मार्चपर्यंत, कव्हर चालू राहतं, एचआर नाही म्हणाला तरी.

आता सोडायच्या आधी हे कर. उमंग ॲपवर पीएफचं पासबुक उघड आणि महिन्यागणिक स्लिपशी लाव. पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरणा झाला पाहिजे, कॉन्ट्रॅक्टरवाले दोन-दोन महिने गाळतात आणि पगारातनं मात्र कापतात. गाळलेलं दिसलं तर स्लिपांचे फोटो काढून ईपीएफओच्या (पीएफ ऑफिसच्या) तक्रार पोर्टलवर टाक, आणि मूळ कंपनीच्या (जिथं प्रत्यक्ष काम करतोस तिच्या) एचआरलाही मेल कर, कारण कॉन्ट्रॅक्टरनं नाही भरलं तर जबाबदारी मूळ कंपनीवर येते, आणि हे त्यांना चांगलं ठाऊक असतं. नाव, जन्मतारीख आधारप्रमाणं आहे का बघ. सोडल्यावर एक्झिट डेट (नोकरी सोडल्याची तारीख) पीएफच्या रेकॉर्डवर पडली का बघ, ती नसेल तर ट्रान्सफर अडकतं.

आणि नॉमिनेशन. आत्ता आईचं भरलं असशील, लग्न झालं की नव्यानं भर, ऑनलाइन पंधरा मिनिटांचं काम आहे, बायकोचं आधार आणि फोटो लागेल.