महाधमनीतील रक्तप्रवाहाला प्वाझयचे सूत्र लावता येते का?

नळीचे दोन टोकांमधील दाबाचा फरक, त्रिज्या आणि श्यानता (द्रवाचा चिकटपणा) यांवरून प्रवाह काढणारे हे सूत्र महाधमनीसाठी थेट वापरू नये, कारण ते स्थिर प्रवाहासाठी आहे आणि हृदय रक्त ठोक्याठोक्याने ढकलते. त्रिज्या १.२५ सेंमी, मिनिटाला ७२ ठोके, घनता १०६० किग्रॅ प्रति घनमीटर व श्यानता ०.००३५ पास्कल-सेकंद धरल्यास वोमर्स्ली अंक, म्हणजे ठोक्यांच्या प्रवाहात श्यानतेच्या तुलनेत जडत्व किती प्रभावी आहे ते सांगणारा अंक, सुमारे १९ येतो. तो १ हून लहान असेल तरच वेगाचा आलेख सूत्रात धरल्याप्रमाणे अन्वस्ताकार (मध्यभागी सर्वाधिक, भिंतीशी शून्य) राहतो. दाभोळच्या खाडीत भरती-ओहोटी बदलताना काठाचे पाणी आधी उलटते आणि मधला ओघ मागाहून. इथेही भिंतीलगतचे रक्त दाबाच्या बदलाला लगेच जुमानते, मधले जडत्वामुळे मागे राहते. लहान धमन्यांत सूत्र बऱ्यापैकी चालते, मात्र सुमारे ०.३ मिमीहून अरुंद नलिकांत श्यानता स्थिर मानू नये, कारण तिथे व्यास घटला की तीही घटते.