सीटी नॉर्मल, मग हा असा का वागतो?

डिचोली तालुक्यातले एक वडील मुलाला घेऊन आले (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). बसायच्या आधीच त्यांनी सीटी स्कॅनचा रिपोर्ट टेबलावर ठेवला. "नॉर्मल लिहिलंय, बघा. तरी कामावर जात नाही. चवथीला आरतीत घुमट वाजायला लागलं तसा उठून मागच्या पडवीत जाऊन बसला. पाहुण्यांसमोर! हे नाटक नाही तर काय?"

मुलगा पंचविशीतला. जूनच्या पावसात स्कूटर घसरली. हेल्मेट होतं, तरी काही मिनिटं शुद्ध नव्हती. मी त्याला वर्षाचे महिने उलटे म्हणायला सांगितले. डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर... ऑगस्टला अडकला. कपाळावर घाम आला. पुन्हा डिसेंबरपासून सुरू केलं, पुन्हा तिथेच. वडील गप्प झाले.

"काका, सीटी खोटं बोलत नाही," मी म्हटलं, "पण त्याला विचारलेला प्रश्नच वेगळा होता." कवटी मोडलीय का, आत रक्त साचलंय का, ऑपरेशन लागेल का, एवढं सीटी चटकन सांगतं. पण डोकं झटक्यात गरकन फिरलं की मेंदूच्या पांढऱ्या भागातले तंतू ताणले जातात. बरेचसे त्या क्षणी तुटत नाहीत. सुजतात आणि काही तासांनी, दिवसांनी तुटतात. असा एक तंतू साधारण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतका जाड. तो सीटीत कुठून दिसणार? हेल्मेटनेही हा झटका पुरता थांबत नाही. (म्हणून हेल्मेट नको, असा अर्थ कुणी काढू नये. काढणारे आहेत!)

एमआरआय जास्त दाखवतो. त्यातल्या एसडब्ल्यूआय प्रकारात रक्तस्रावाचे बारीक ठिपके टिपले जातात. 1994 मध्ये मांडली गेलेली डीटीआय पद्धत पाण्याचे रेणू कुठल्या दिशेने सरकतात ते मोजते. तंतू धड असले की पाणी त्यांच्या लांबीने सरकतं, बिघडले की ती शिस्त मोडते.

"मग तीच करूया. कितीही खर्च येवो."

इथे मी हात आखडता घेते. डीटीआयचे आकडे वयानुसार, मशीननुसार बदलतात. रुग्णांच्या गटांची तुलना करायला ती उपयोगी; एकट्या माणसाचं निदान तिच्या भरवशावर होत नाही. ढोंग पकडायला तर मुळीच नाही. न्यूरॉलॉजिस्टांनी साधा एमआरआय करायला सांगितला. तोही स्वच्छ आला. तरी त्यांनी उपचार सुरू केले, कारण लक्षणं समोर होती. डोकेदुखी वाढली, उलट्या झाल्या किंवा गुंगी आली तर थेट इस्पितळात यायचं, हेही बजावलं.

माझ्या बाजूने ठरलं ते असं: झोपेची वेळ पक्की, जेवताना टीव्ही बंद, कामावर आधी अर्धा दिवस आणि रात्रपाळी सध्या नाही. वडिलांनी कंपनीत स्वतः जाऊन सांगितलं. स्कूटरची चावी मात्र आईने लपवली आहे आणि त्यावरून घरात रोज वाजतं. तो विषय पुढच्या भेटीत घ्यायचा आहे.