‘अलाइन’, ‘संरेखन’ आणि सुताराचे सूत

प्रश्न असा आहे : टेलविंडमध्ये (वेब-पानाला रूप देणाऱ्या तयार क्लासेसच्या, म्हणजे शैलीच्या नावांच्या, संचात) फ्लेक्सच्या, म्हणजे घटक एका रांगेत किंवा स्तंभात लावणाऱ्या मांडणीच्या, एकाच घटकाला वेगळी जागा देणाऱ्या ‘सेल्फ-स्टार्ट’, ‘सेल्फ-सेंटर’, ‘सेल्फ-एन्ड’ या क्लासेसच्या कामाला मराठीत ‘स्वसंरेखन’ म्हणावे का, आणि ‘जस्टिफाय-सेल्फ-एन्ड’ लिहूनही बटण उजवीकडे का सरकत नाही?

दुसरा भाग आधी संपवतो. ‘अलाइन’ आणि ‘जस्टिफाय’ हे शब्द एकाच अर्थाने सर्रास वापरलेले ऐकू येतात आणि त्याचा मला मनापासून त्रास होतो. फ्लेक्समध्ये जस्टिफाय मुख्य अक्षावर, म्हणजे घटक ज्या दिशेने एकापुढे एक लागतात त्या दिशेत, चालते, अलाइन त्याला छेदणाऱ्या अक्षावर. ‘जस्टिफाय-सेल्फ’ची तर फ्लेक्स दखलच घेत नाही. आडव्या रांगेतले एकच बटण उजव्या टोकाला न्यायचे असेल, तर त्याला ‘एमएल-ऑटो’ (आपोआप ठरणारा डावा समास) द्यावा, म्हणजे उरलेली सगळी मोकळी जागा त्याच्या डाव्या समासात जाते.

आता शब्द. ‘अलाइन’च्या मुळाशी लॅटिन ‘लिनिआ’ आहे, आणि ‘लिनिआ’ ‘लिनुम’पासून, म्हणजे जवसापासून आली आहे, ती मुळात कागदावरची रेघ नव्हे, तर जवसाच्या धाग्याची ताणलेली दोरी आहे. आपला सुतारही ‘सूत्रधार’, म्हणजे सूत धरणारा. रंगात भिजवलेले सूत फळीवर ताणून तो टिचकी मारतो, तेव्हा कुठे रेघ उमटते. मराठी मेनूंमध्ये रुळलेले ‘संरेखन’ मला म्हणूनच पटत नाही, कारण त्यातली रेखा हा ओरखडा आहे, जिथे उमटला तिथेच राहणारा. सूत मात्र एका खुंटीवरून सोडून दुसऱ्या खुंटीला बांधता येते. ‘सुतासारखा सरळ’ म्हणणाऱ्या भाषेला हे वेगळे शिकवण्याची गरज नाही.

काही जाणकार ‘ओळंबा’ सुचवतात, पण ती सूचना मुळातच चुकीची आहे. ‘अवलंब’पासून आलेला ओळंबा फक्त खाली लोंबतो, आणि घटक उभ्या स्तंभात लावणारा ‘फ्लेक्स-कॉल’ दिल्याबरोबर अलाइनचा छेदणारा अक्ष आडवा होतो. तोच ‘सेल्फ-एन्ड’ आडव्या रांगेत घटकाला तळाशी नेत होता, तो आता उजव्या कडेला नेतो. ओळंबा आडवा धरता येत नाही, सूत कसेही ताणता येते.

म्हणून सगळे घटक सामावणाऱ्या डब्यावरच्या ‘आयटम्स-सेंटर’ला मी ‘सामाईक सूत’ म्हणेन आणि एका घटकावरच्या ‘सेल्फ-स्टार्ट’ला ‘वेगळे सूत’. कार्डावर छायाचित्र, नाव आणि ‘नवीन’ असा छोटा बिल्ला असेल, तर पहिले दोन सामाईक सुतात मध्यावर राहतात आणि बिल्ला आपल्या वेगळ्या सुताने वरच्या कडेला जातो. ‘सेल्फ-ऑटो’ लिहिले की तो पुन्हा सामाईक सुतात येतो.