‘द स्काय क्रॉलर्स’ इतका संथ का आहे? बघावा का?

बघा, पण विमानांच्या धुमश्चक्रीसाठी बसणार असाल तर कंटाळाल. जपानी दिग्दर्शक मामोरू ओशीईचा हा २००८ चा अ‍ॅनिमेशन चित्रपट हिरोशी मोरी यांच्या कादंबऱ्यांवरून केलेला आहे. हवाई लढती आहेत, आणि त्या अफलातून आहेत. पंखा मागच्या बाजूला असलेली ती विमानं तर नुसती बघत राहावीत अशी. पण बराचसा वेळ जातो तळावर: सिगारेटी, बिअर, एक कुत्रा आणि वाट बघणं.

हा संथपणा मुद्दामच ठेवलाय. इथले वैमानिक ‘किल्ड्रेन’ आहेत, म्हणजे कधीच मोठी न होणारी मुलं. युद्धही खरं नाही. शांततेला कंटाळलेल्या लोकांना बघायला मिळावं म्हणून खाजगी कंपन्या ते चालवतात. मरण मात्र खरं. ज्यांना उद्या म्हणजे आजचीच नक्कल, त्यांची गोष्ट घाईत कशी सांगणार?

एक वैमानिक पेपर वाचून झाला की त्याची काटेकोर घडी घालतो. तो मरतो. मग नवा माणूस येतो, पेपर वाचतो आणि अगदी तश्शीच घडी घालतो. कोणी काही बोलत नाही. माझ्या अंगावर काटा आला तो इथे, लढाईत नाही.

केन्जी कावाईच्या संगीतासाठी हेडफोन लावा. आणि श्रेयनामावली सुरू झाली म्हणून उठू नका, तिच्यानंतर अजून एक प्रसंग आहे.